निवाड्यावर तारीख कोणती?



प्रकल्पात गेलेल्या एका गावी बैठक होती. बैठक संपत आली तेव्हा मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या कास्तकाराने पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. भूसंपादनाच्या निवाड्याची नक्कल होती. खाली साहेबाची सही आणि सहीखाली तारीख, डिसेंबर २०१३. "भाऊ, याची नोटीस मले मार्चात भेटली," तो म्हणाला. "मंग माह्यं वावर डिसेंबरात गेलं का मार्चात?"

बैठकीतली माणसं हसली. प्रश्न मात्र हसण्यासारखा नव्हता. त्या एका तारखेत त्याच्या मोबदल्याचे निम्म्याहून जास्त पैसे अडकले आहेत. जिल्ह्यात अशी तारीख घेऊन बसलेले तो एकटाच नाही, म्हणून या अंकात बाकीचे विषय बाजूला ठेवून याच विषयावर लिहितो आहे.

आपल्या जमिनी १ जानेवारी २०१४ पर्यंत ज्या कायद्याने गेल्या तो १८९४ सालचा, म्हणजे इंग्रजांचा. 'सार्वजनिक प्रयोजन' म्हटले की कलेक्टरने अधिसूचना काढायची, हरकती ऐकल्यासारखे करायचे, आणि निवाडा करून ताबा घ्यायचा. बाजारभाव धरायचा तो कलम ४ च्या अधिसूचनेच्या दिवशीचा. त्यावर सक्तीबद्दल दिलासा रक्कम ३० टक्के, आणि अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत किंवा ताब्यापर्यंत, जे आधी होईल तोपर्यंत, बाजारभावावर वर्षाला १२ टक्के. नवा कायदा २०१३ सालचा. त्यात दिलासा रक्कम १०० टक्के झाली. ग्रामीण भागात बाजारभावाला १ ते २ यांमधला गुणक लागू झाला, तो राज्याने ठरवायचा. पुनर्वसनही कायद्यातच आले.

फरक किती पडतो ते मांडून बघू. समजा वावराचा भाव हेक्टरी ४ लाख रुपये धरला आणि अधिसूचनेपासून निवाड्याला दोन वर्षे लागली. जुन्या कायद्याने ४ लाख, त्यावर ३० टक्के म्हणजे १ लाख २० हजार, आणि दोन वर्षांचे १२ टक्क्यांनी ९६ हजार. एकूण ६ लाख १६ हजार. नव्या कायद्याने गुणक २ धरला तर ८ लाख, त्यावर तेवढीच दिलासा रक्कम म्हणजे १६ लाख, वर ते ९६ हजार. एकूण १६ लाख ९६ हजार. वावर तेच, धुरे तेच, पऱ्हाटीही तीच. फरक मात्र हेक्टरी १० लाख ८० हजारांचा.

आता जमीन जुन्या कायद्याने घ्यायला सुरुवात झाली आणि मध्येच कायदा बदलला, तर कोणता हिशेब? याचे उत्तर नव्या कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे. १ जानेवारी २०१४ पर्यंत निवाडा झालाच नसेल, तर मोबदला नव्या कायद्याने. निवाडा झाला असेल, तर सगळे जुन्याच कायद्याने, जणू तो रद्द झालाच नाही. म्हणजे ३१ डिसेंबर २०१३ ला सही झालेल्या निवाड्यात ६ लाख १६ हजार, आणि दोन दिवसांनी झालेल्यात १६ लाख ९६ हजार. त्या डिसेंबरात कचेरीतल्या दिव्यांना रात्री विश्रांती का नव्हती, हे आता कळले असेल. सगळ्याच तारखा खोट्या आहेत असे मी म्हणत नाही. साहेबालाही वरून निरोप असतो की प्रकल्पाचा खर्च वाढू देऊ नका. पण सहीची तारीख आणि नोटिशीची तारीख यांत तीन महिन्यांचे अंतर पडते, तेव्हा विचारण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे.

विचारायचे कसे, तर कागदाने. जुन्या कायद्यात निवाड्याच्या मसुद्याला वरिष्ठांची पूर्वमान्यता लागत असे. ती मान्यता कोणत्या तारखेची आहे? निवाडा जावक नोंदवहीत कधी चढला? कलम १२(२) ची नोटीस कधी निघाली? माहिती अधिकारात हे तीन कागद मागा. मान्यता जानेवारीची आणि सही डिसेंबरची निघाली, तर वकिलाला लढायला जागा मिळते. तसे काही निघाले नाही, तर नुसत्या संशयावर कोर्टाच्या पायऱ्या झिजवू नका. इथे एक बारकावा आहे. वाढीव मोबदल्याच्या अर्जाची मुदत निवाडा तुम्हाला कळला तेव्हापासून मोजायची, हे सुप्रीम कोर्टाने १९६१ सालीच सांगितले. पण कलम ११-अ ची दोन वर्षे मोजताना मात्र कोर्टाने सहीचीच तारीख धरली. त्यामुळे 'नोटीस मार्चात आली म्हणून निवाडा मार्चातला' एवढ्यावर भिस्त ठेवता येत नाही. त्या म्हाताऱ्या कास्तकारालाही मी हेच सांगितले. त्याला ते आवडले नाही, आणि सांगताना मलाही आवडले नाही.

आता कलम २४ च्या दुसऱ्या भागाकडे येऊ. आपल्या चळवळीने सर्वांत मोठी आशा त्यावरच लावली होती, आणि सर्वांत मोठी चूकही तिथेच झाली. निवाडा १ जानेवारी २०१४ च्या पाच वर्षे किंवा त्याहून आधीचा असेल, आणि प्रत्यक्ष ताबा घेतला नसेल 'किंवा' मोबदला दिला नसेल, तर संपादन रद्द समजावे, असे ते कलम म्हणते. २४ जानेवारी २०१४ ला पुणे महानगरपालिकेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी सांगितले की पैसे सरकारी तिजोरीत ठेवले म्हणजे दिले असे होत नाही. शेतकऱ्याने घेतले नाहीत तर ते कोर्टात भरायला हवेत. देशभर एकच आनंद झाला. गावोगाव लोक म्हणू लागले, 'आम्ही चेक घेतलाच नाही, जमीन परत येणार.' काही ठिकाणी तशी ती परतही आली.

मग ६ मार्च २०२० आला. इंदूर विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या पीठाने आधीचा अर्थ पुसून टाकला. त्यांनी ठरवले की कलमातले 'किंवा' हे 'आणि' असे वाचायचे. ताबाही घेतला नाही आणि मोबदलाही दिला नाही, तरच संपादन रद्द. दोहोंपैकी एक झाले असेल तर रद्द नाही. पंचनामा केला की ताबा घेतला. त्या पंचनाम्यानंतर तुम्ही दहा वर्षे ज्वारी पेरली असली तरी कायद्याच्या नजरेत ती सरकारच्या जमिनीत पेरली. पैसे तिजोरीत ठेवले तरी चालते, कोर्टात भरले नाहीत तर फार तर व्याज द्यावे लागेल. आणि ज्याने मोबदला स्वतःच नाकारला, त्याला 'दिला नाही' अशी तक्रार करता येणार नाही.

शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. 'चेक घेऊ नका, सही करू नका' हे आपल्याच सभांतून सांगितले गेले होते. त्या सांगण्यामागे स्वाभिमान होता, आणि तेव्हाच्या कायद्यात त्याला आधारही होता. पण पुढे काय झाले? ज्यांनी चेक घेतला त्यांनी त्याच पैशांतून दुसऱ्या गावात दोन एकर घेतली. ज्यांनी आपले ऐकून घेतला नाही, त्यांची रक्कम जुन्या भावाची, जुन्या हिशेबाची, तिजोरीत पडून राहिली आणि आजूबाजूच्या जमिनीचे भाव कितीतरी पटींनी वाढले. कार्यकर्त्यांनी हे कबूल केले पाहिजे. पुढल्या वेळी सभेत हात वर करून घोषणा देताना हे डोक्यात असले पाहिजे.

मोबदला घ्यायचा, पण तक्रार राखून घ्यायचा, हा धडा त्यातून मिळतो. जुन्या कायद्याच्या कलम ३१ मध्ये स्पष्ट होते, आणि नव्यातही आहे, की ज्याने हरकत न नोंदवता पैसे उचलले त्याला वाढीव मोबदल्याचा अर्ज करता येत नाही. म्हणून पावतीवर सही करण्याआधी आपल्या हाताने लिहा, 'हा मोबदला अपुरा आहे, तक्रार राखून स्वीकारत आहे.' कारकून म्हणेल असे लिहायला जागा नाही. जागा नसेल तर समासात लिहा, आणि त्याच दिवशी त्याच मजकुराचा अर्ज देऊन आवक शिक्क्याची पोच घ्या. मग सहा आठवड्यांच्या आत संदर्भ अर्ज, जुन्या कायद्यात कलम १८ चा, नव्यात कलम ६४ चा. सहा महिन्यांची दुसरी मुदत आहे ती निवाड्याच्या वेळी हजर नसलेल्यांसाठी, तिच्या भरवशावर राहू नका. शेजाऱ्याच्या अर्जावर कोर्टाने भाव वाढवला तर त्याच अधिसूचनेतल्या बाकीच्यांना तीन महिन्यांत तेवढा भाव मागता येतो, जुन्या कायद्यात कलम २८-अ ने आणि नव्यात कलम ७३ ने. शेजाऱ्याचा निकाल कधी लागला हे गावात माहीत नसल्यामुळे ही मुदत किती जणांची बुडाली, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

मधल्या लोकांचे काय, हे आता पाहू. पाच वर्षांहून जुन्या निवाड्यांसाठी कलम २४ मध्ये आणखी एक तरतूद आहे. निम्म्याहून अधिक धारणांचे पैसे लाभधारकांच्या खात्यात जमा झाले नसतील, तर सर्वांना नव्या कायद्याने मोबदला. कलमाची भाषा वाचून वाटले होते की हे २००९ ते २०१३ मधल्या निवाड्यांनाही लागेल. २०२० च्या निकालाने ते जुन्या निवाड्यांशीच बांधले. म्हणजे निवाडा २००८ चा असेल तर निदान भांडायला एक जागा आहे. झालाच नसेल तर पूर्ण हक्क आहे. आणि २०१३ चा असेल तर काहीच नाही. नव्या कायद्याच्या सर्वांत जवळ येऊन थांबलेला कास्तकारच सर्वांत कोरडा राहिला. हा न्याय कोणत्या तर्कात बसतो ते आम्हाला तरी कळलेले नाही.

जुन्या माणसांना यात नवे काही वाटणार नाही. दिलासा रक्कम १५ टक्क्यांवरून ३० टक्के झाली ती १९८४ च्या दुरुस्तीने. विधेयक ३० एप्रिल १९८२ ला मांडले, कायदा २४ सप्टेंबर १९८४ ला लागू झाला. मधल्या काळात ज्यांचे निवाडे झाले त्यांना ३० टक्के देऊ केले. मग ज्यांची अपिले त्या काळात वरच्या कोर्टात पडून होती त्यांचे काय? १९८५ साली सुप्रीम कोर्टाने म्हटले, त्यांनाही द्या. १९८९ साली रघुवीर सिंग प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या पीठाने म्हटले, नाही, कलेक्टरचा किंवा खालच्या कोर्टाचा निवाडा त्या दोन तारखांच्या मध्येच झालेला असला पाहिजे. तेव्हाही आधी दार उघडले, मग मोठ्या पीठाने लावले. तीस वर्षांनी तेच नाटक, फक्त पात्रे बदलली. म्हणून पहिल्या चांगल्या निकालावर गुलाल उधळण्याआधी कागद पुरे करून ठेवावेत, हे आम्ही वारंवार सांगतो.

उलट बाजूचेही एक उदाहरण आहे, ते सांगितले नाही तर प्रामाणिकपणा राहणार नाही. राष्ट्रीय महामार्गासाठी गेलेल्या जमिनींना १९९७ च्या दुरुस्तीनंतर दिलासा रक्कमच नव्हती. २०१९ साली तरसेम सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ते कलम घटनाबाह्य ठरवले आणि दिलासा रक्कम व व्याज द्यायला सांगितले. हा निकाल पुढच्याच संपादनांना लावा, असा महामार्ग प्राधिकरणाचा अर्ज फेब्रुवारी २०२५ मध्ये फेटाळला गेला. ज्यांची वावरे त्या काळात महामार्गात गेली त्यांनी जुने निवाडे शोधून काढावेत. मात्र पैसे हातात पडेपर्यंत प्रकरण संपले असे समजू नये.

आणि गोसीखुर्दचा निकालही लक्षात ठेवण्यासारखा आहे. जुन्या कायद्याने कलम ६ ची घोषणा झाली होती, निवाडा १ जानेवारी २०१४ नंतर झाला. जुन्या कायद्याची दोन वर्षांची मुदत संपली म्हणून संपादन रद्द, असे शेतकऱ्यांचे म्हणणे होते. १० नोव्हेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टाने सांगितले की अशा प्रकरणात निवाड्याला १ जानेवारी २०१४ पासून बारा महिने मिळतात. मोबदला नव्या कायद्याने, मुदतही नव्या कायद्याने. जमीन सुटली नाही.

अमरावती विभागात तर निवाड्याचीही गरज उरली नाही. २००६ ते २०१३ या काळात सिंचन प्रकल्पांसाठी हजारो हेक्टर 'सरळ खरेदी'ने घेतली. आत्महत्यांचा काळ होता, घरात सावकाराचा तगादा होता, आणि साहेब सांगत होता की खरेदीखत करून द्या, लगेच चेक. खरेदीखत झाले की तो स्वखुशीचा सौदा. त्यात निवाडा नाही, कलम १८ नाही, कलम २४ नाही. निवाडा घेतलेले शेजारी कोर्टात गेले आणि वाढीव मोबदला घेऊन आले. हे लोक मात्र बघत राहिले. वर्षानुवर्षांच्या आंदोलनानंतर सरकारने हेक्टरी ५ लाख रुपये सानुग्रह अनुदान मंजूर केले, २०२५ मध्ये त्याचे वाटप सुरू झाले. ज्यांना मिळाले त्यांनी घ्यावे, त्यात कमीपणा नाही. पण 'सानुग्रह' म्हणजे कृपेने दिलेले. हक्काचा पैसा खरेदीखतावरच्या सहीत गेला आणि कृपेचा पैसा लढून आणावा लागला. पुढच्या काळात कोणताही रस्ता किंवा कालवा आला की 'थेट खरेदी' आणि 'संमती निवाडा' हे दोन शब्द पुन्हा ऐकू येतील. थोडे जास्त पैसे लगेच मिळत असतील तर काहींच्या दृष्टीने तो सौदा बरा असूही शकतो. मात्र त्या सहीने कोर्टाचे दार बंद होते, हे समजून सही करा.

कोरडवाहू जमिनीच्या भावाबद्दल मला थोडे वेगळे सांगायचे आहे, कारण माझे शिक्षण त्या विषयातले आहे. बाजारभाव ठरवायचा तो गेल्या तीन वर्षांच्या खरेदीखतांवरून किंवा रेडी रेकनरवरून, जो जास्त असेल तो. आपल्या भागात चांगली काळी, खोल जमीन कोणी खुशीने विकत नाही. विकली जाते ती मुलीच्या लग्नात, दवाखान्यात, कर्जात. अडल्या माणसाच्या खरेदीखताला 'बाजारभाव' म्हणायचे, त्यातही मुद्रांक वाचवायला कागदावर कमी लिहिलेले, आणि तोच भाव सगळ्या शिवाराला लावायचा. रेडी रेकनरमध्ये जिरायत जमिनीचा दर पडतो शेतसाऱ्याच्या आकारावरून, आणि तो आकार जुन्या जमाबंदीत ठरलेला. त्यानंतर तुमच्या आजाने बांध घातले, बापाने गाळ आणून टाकला, तुम्ही विहीर खणली. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद नसेल तर ती विहीर नाहीच. उत्पन्नावरून किंमत काढायची म्हटली तरी कापसाला आणि ज्वारीला भाव नाही, म्हणून उत्पन्न कमी दिसते, म्हणून जमीनही स्वस्त. ज्या धोरणाने पऱ्हाटी स्वस्तात लुटली त्याच धोरणाने वावरही स्वस्तात जाते. भावाचा लढा आणि जमिनीचा लढा वेगळे नाहीत, ते इथे दिसते.

सरकारचा युक्तिवादही ऐकून घेऊ. कायदा बदलला म्हणून मागचे सगळे उकरायचे ठरवले तर चाळीस वर्षांपूर्वीचा कालवाही पुन्हा विकत घ्यावा लागेल, असे ते म्हणतात. हे म्हणणे अगदीच पोकळ नाही. ज्याला पैसे मिळाले, ज्याने ते वापरले, त्याचा हिशेब संपला असे मानता येईल. पण ज्याच्या हातात पैसाच पडला नाही, त्याचा सौदा पुरा झाला असे कसे म्हणता? मापात कापूस टाकला आणि चुकारा दिला नाही, तर व्यापारी तरी आजच्या भावाने देतो की गेल्या वर्षीच्या, याची भांडणे आपण बाजार समितीत केलेली आहेत. आमची मागणी अशी आहे की ज्या दिवशी पैसा शेतकऱ्याच्या खात्यात प्रत्यक्ष जमा होईल, त्या दिवशी जो कायदा असेल त्याने मोबदला. निवाड्यावरची सही साहेबाच्या हातात असते, खात्यातली जमा बँकेच्या वहीत असते. तारीख दुसरीकडची धरावी. संसदेत कलम २४ दुरुस्त करून हे करता येते. १९८४ साली मधल्या काळातल्या लोकांसाठी संसदेने काहीतरी केले होते, तेव्हा ते अशक्य नाही.

जिल्हा बैठकीला येताना ज्यांची जमीन १ जानेवारी २०१४ च्या आगेमागे गेली त्यांनी एवढे कागद आणावेत: कलम ४ आणि ६ च्या अधिसूचना, निवाड्याची नक्कल, नोटिशीचे पाकीट (पोस्टाच्या शिक्क्यासह, ते फेकू नका), ताब्याचा पंचनामा, पैसे घेतले असतील तर पावती, आणि त्या वर्षांचा पीकपेऱ्यासह सातबारा. सातबाऱ्यावर आई, बहीण, बायको यांची नावे असतील तर त्यांनाही सोबत आणा. वाटणीच्या वादाने मोबदला अडकलेली प्रकरणेही थोडी नाहीत, आणि बायकांना बाहेर बसवून ती सुटत नाहीत. कागदांवरून गावनिहाय यादी करू. निवाड्याची तारीख, नोटिशीची तारीख आणि पैसे मिळाल्याची तारीख अशा तीन रकान्यांची. ज्यांचा तिसरा रकाना रिकामा आहे त्यांची यादी सर्वांत वर ठेवू आणि तीच कलेक्टरांकडे न्यायची.

त्या म्हाताऱ्या कास्तकारालाही निरोप पाठवला आहे. नातवाबरोबर येतो म्हणाला.